गाडी चालू केली की जुना रेडिओ किंचाळतो: तपासणी कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचं

"उभ्या गाडीत कसा गोड वाजतंय बघा, चालू केली की रडाय लागतंय." पद्मिनी असो, ॲम्बॅसेडर असो की पहिल्या काळातली मारुती ८००, तक्रार ही एकच. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यात अशा गाड्या जीव लावून सांभाळणारे पुष्कळ आहेत. पावसाळाभर गाडी शेडमध्ये असते. दसऱ्याला धुऊन, हार घालून ती बाहेर निघते आणि त्याच आठवड्यात हे दुखणं घेऊन लोक येतात. बहुतेकांनी तोवर "सेट गेला" असा निकाल दिलेला असतो. मला सांगायचंय ते हेच, की सेट सहसा गेलेला नसतो. तो काढून फेकू नका आणि नवीन सेट बसवायला डॅशबोर्ड तर मुळीच कापू नका. एकदा पत्रा कापला की मूळ सेट परत बसत नाही.

त्या काळी गाडी कंपनीतून रेडिओशिवायच यायची. डॅशबोर्डवर नुसती झाकणपट्टी असायची. रेडिओ किंवा टेप हवा असेल तर डीलरच्या पार्ट काउंटरवर निवडायचा आणि त्यांचाच इलेक्ट्रिशियन तो बसवून द्यायचा. खोक्यात सेटबरोबर स्पीकर, एरियल, फ्यूजवाली वायर, मागून आधार द्यायची पत्र्याची पट्टी आणि गोंगाट दाबणारे बोटाएवढे एक-दोन गोल कंडेन्सर (कपॅसिटर) असत. सेट आणि स्पीकर सगळ्यांच्या लक्षात राहतात. पट्टी आणि कंडेन्सर मात्र पुढच्या वीस-तीस वर्षांत कुठल्या तरी सर्व्हिसिंगमध्ये निघतात आणि परत लागत नाहीत. आज जो आवाज येतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा या हरवलेल्या वस्तूंत किंवा गंजलेल्या अर्थमध्ये, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी गाडीच्या पत्र्यातून होणाऱ्या जोडणीत, असतं.

आधी आवाज ओळखा

पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं ऐका. गाडी मोकळ्या जागी न्या. विजेच्या तारांखाली किंवा ट्रान्सफॉर्मरजवळ उभी करून मध्यम लहरी ऐकल्या तर घरघर येणारच, त्यात गाडीचा दोष नाही.

बारीक "कुईंऽऽ" असा आवाज येतो आणि रेस वाढवली की त्याची पट्टी चढते, तर तो चार्जिंगकडून येतोय, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनमो किंवा अल्टरनेटरकडून. "टक-टक-टक" असा सुटा आवाज येतो आणि रेस दिली की टक-टक दाट होते, तर तो इग्निशनचा आहे, म्हणजे कॉइल, डेल्को (प्लगना पाळीने स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर), प्लग, प्लगच्या वायरी. डिझेल गाडीत स्पार्कच नसतो, त्यामुळे तिथे हा दुसरा प्रकार शोधत बसू नका. फक्त हॉर्न, वायपर किंवा इंडिकेटर लावल्यावर आवाज येतो, तर त्या-त्या वस्तूची अर्थ कच्ची आहे. खड्ड्यात गाडी आदळली की खरखर होते, तर कुठली तरी जोडणी ढिली आहे. इंजिन बंद असतानाही सारखी घुमघुम चालू असेल तर मात्र सेटच्या आत बघावं लागेल, आणि ते काम या लेखाच्या अगदी शेवटी येतं.

आता दोन चाचण्या. इंजिन चालू ठेवून सेटचा आवाज पूर्ण शून्यावर आणा. तरीही कुईं ऐकू येत असेल तर आवाज पॉवरच्या वायरीतून, अर्थमधून किंवा स्पीकरच्या वायरीतून आत शिरतोय. शून्यावर तो गायब होत असेल तर तो व्हॉल्यूमच्या आधीच, म्हणजे एरियल किंवा कॅसेटच्या हेडच्या बाजूने येतोय. मग रेडिओवरून टेपवर जा. रेडिओवर आवाज आणि टेपवर शांत, तर एरियल आणि इग्निशनकडे वळा. दोन्हीकडे सारखाच आवाज, तर पॉवर आणि अर्थ. एवढ्यावरच निम्मं काम होतं, म्हणून ही पायरी गाळू नका.

पैसे न लागणारी तपासणी

सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला मोबाइल चार्जर काढा. जुन्या टेपमध्ये कॅसेटच्या आकाराचा ॲडाप्टर घालून मोबाइलवरची गाणी ऐकणारे हल्ली खूप आहेत. मोबाइल चार्जिंगला लावून त्याच मोबाइलचा आवाज टेपला दिला की एकाच अर्थला दोन वाटा मिळतात. त्या दोन वाटांमधल्या बारीकशा फरकातून कुईं तयार होते. चार्जर काढल्यावर आवाज गेला तर तुमचं काम झालं. मोबाइल घरून भरून आणा.

नंतर लावलेले एलईडी बल्ब, गॅसकिट, रिव्हर्स हॉर्न असं जे जे असेल ते एकेक बंद करून पाहा. स्वस्त चार्जर आणि एलईडीच्या आतलं सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतं आणि मध्यम लहरींवर तेच भुणभुणतं.

मग एरियलची पिन सेटच्या मागून ओढून काढा. आवाज थांबला तर तो एरियलमधून येत होता. इथे लोक काडी बदलतात, पण दोष काडीत नसून बुडाशी असतो. एरियलच्या केबलवर जी जाळी असते ती बुडाशी गाडीच्या पत्र्याला घट्ट टेकायला हवी, कारण तीच आतल्या तारेला इंजिनच्या गोंगाटापासून झाकते. आपल्याकडे, त्यातून खानापूरच्या बाजूला, पाऊस भरपूर. मडगार्डच्या आतून चिखल उडून नेमका तिथेच साठतो. रबर वॉशर कडक होतो, पाणी झिरपतं आणि नटाखाली गंजाचा थर बसतो. नट सोडवा, मडगार्डच्या आतल्या बाजूचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून ग्रीस लावा. मल्टिमीटर असेल तर पिनच्या मधल्या टोकापासून काडीपर्यंत जवळपास शून्य ओहम दिसायला हवं. काडी ते बॉडी अजिबात जोड दिसता कामा नये. पिनची बाहेरची कडी ते बॉडी मात्र पुन्हा जवळपास शून्य.

बेळगावपासून धारवाड ऐंशीएक किलोमीटर. धारवाड आकाशवाणी ७६५ किलोहर्ट्झवर दिवसा स्वच्छ लागायला हवी. लागत नसेल तर आवाजाचा विचार नंतर करा, आधी एरियल नीट करा. स्टेशन क्षीण झालं की सेट आपोआप आतलं वर्धन वाढवतो आणि स्टेशनबरोबर गोंगाटही मोठा होतो. बऱ्याच जुन्या सेटना एरियलच्या भोकाजवळ एक बारीक स्क्रू असतो, त्याला ट्रिमर म्हणतात. १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं क्षीण स्टेशन लावून तो स्क्रू हलक्या हाताने फिरवा आणि आवाज सगळ्यात मोठा येईल तिथे सोडा. एरियल बदललं की हे करावंच लागतं.

अर्थ: इथे वेळ घालवा

एवढं करूनही आवाज राहिला तर बॉनेट उघडा. घड्याळ, अंगठी काढून ठेवा, बाह्या वर करा. बॅटरीची निगेटिव्ह बाजू आधी सोडायची आणि जोडताना ती शेवटी जोडायची. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, पुसा, घासा, आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

आता निगेटिव्हची जाड वायर कुठे जाते ते डोळ्यांनी बघत जा. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, म्हणून त्याची बॉडीशी जोडणी आपोआप होत नाही. त्यासाठी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. ती तेलाने काळी पडलेली असते. वरून धड दिसते, पण थिंबलच्या (टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीच्या) तोंडाशी बोटाने वाकवली की तांब्याचे धागे कुरकुरत हिरव्या भुकटीसकट हातात येतात. ती पट्टी तुटली की करंट दुसरी वाट शोधतो. चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, जे सापडेल ते. स्टार्टर मारल्यावर चोकची केबल गरम लागत असेल तर रेडिओ राहू द्या बाजूला, पट्टी त्याच दिवशी बदला. या केबलमधून धूर येऊन आग लागू शकते.

पट्टीची परीक्षा सोपी आहे. जम्पर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनच्या स्वच्छ बोल्टला लावा. केबल पंखा आणि बेल्टपासून लांब ठेवा. इंजिन चालू करून ऐका. आवाज कमी झाला तर दोष सापडला. मीटर असेल तर डीसी व्होल्टवर ठेवून एक लीड बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी सेटच्या लोखंडी खोक्याला लावा. इंजिन चालू, हेडलाइट चालू. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थ चांगली, ०.२ च्या वर गेलं तर कुठेतरी गंज आहे. हाच फरक सेटच्या दृष्टीने "आवाज" असतो. अल्टरनेटरची लहर त्यावर स्वार होऊन स्पीकरपर्यंत जाते.

इथेच मागच्या आधारपट्टीचं महत्त्व कळतं. पद्मिनीसारख्या गाडीत डॅशबोर्ड पत्र्याचा, त्यामुळे सेटला पुढूनही थोडीफार अर्थ मिळत होती. मारुती ८०० चा डॅशबोर्ड प्लॅस्टिकचा. तिथे ती मागची पट्टी किंवा काळी वायर नसेल तर सेट एरियलच्या जाळीतूनच अर्थ घेतो, आणि मग इंजिनचा सगळा गोंगाट थेट त्या वायरीत येतो. सेटच्या खोक्याला एक जाडशी वायर लावून ती तात्पुरती थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ओढून पाहा. आवाज थांबला तर मागे नवीन पट्टी बसवा आणि बॉडीच्या एकाच स्वच्छ बोल्टवर सेटची अर्थ घ्या. चार ठिकाणी चार अर्थ देऊ नका, त्याने दुखणं वाढतं.

पॉवरची वायर

सेटची लाल वायर बऱ्याचदा कॉइलच्या किंवा वायपरच्या वायरीला मध्येच सोलून गुंडाळलेली सापडते. घाईत केलेलं काम. कॉइलची वायर म्हणजे गाडीतली सगळ्यात गोंगाटाची जागा. फ्यूजसह वेगळी वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून तात्पुरती ओढा आणि ऐका. फ्यूज सेटच्या टोकाला नको, बॅटरीच्या टोकाला हवा, म्हणजे वाटेत वायर कुठे चिरडली तरी ती पेटणार नाही. फरक पडला तर तीच वायर रीतसर टाका, इग्निशनच्या वायरींपासून हातभर लांबून.

सेट आधीच बदललेला असेल तर स्पीकरची जोडणी बघा. जुन्या रेडिओत पुष्कळदा स्पीकरची एक वायर थेट बॉडीला दिलेली असायची. नंतरच्या जास्त ताकदीच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी सेटकडेच परत जाव्या लागतात. त्यातली एक बॉडीला टेकली तर आवाज फाटतो, सेट तापतो आणि आतला आयसी जळतो. असं दिसलं तर सेट चालू करू नका, स्पीकरपासून नवीन दोन-दोन वायरी ओढा.

हरवलेले कंडेन्सर

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. मिस्त्री डेल्कोतले पॉइंट बदलतो, कॉइल बदलतो, डायनमो भरून आणतो. कॉइलच्या क्लॅम्पखाली आवळलेला तो बारका डबा कशाला आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. गाडी त्याच्यावाचून चालते, म्हणून तो कोपऱ्यातल्या डब्यात जातो. रेडिओ मात्र त्याच दिवसापासून टकटकायला लागतो.

एक कंडेन्सर कॉइलवर असतो. त्याची वायर कॉइलच्या इग्निशनकडून येणाऱ्या टोकाला, डबा बॉडीला. पॉइंटकडे जाणाऱ्या टोकाला हा कंडेन्सर कधीही लावू नका. तिथे डेल्कोचा स्वतःचा कंडेन्सर असतो. त्याच्या जोडीला मोठा कंडेन्सर आला की स्पार्क मंदावतो, गाडी खोकायला लागते आणि पॉइंट लवकर खराब होतात.

दुसरा डायनमोवर. तो जाड वायरीच्या टोकाला, ज्यावर बहुधा डी असं कोरलेलं असतं. बारक्या वायरीच्या, म्हणजे एफ या टोकाला तो लावला तर कट-आउटमधले, म्हणजे डायनमोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीतले, रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. हा फरक नीट लक्षात ठेवा, कारण रेडिओच्या नादात कट-आउट घालवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. अल्टरनेटर असेल तर कंडेन्सर जाड आउटपुट वायरीवर.

मूळ डबा नाही मिळाला तर १ ते २ मायक्रोफॅरडचा, किमान १०० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. तो स्लीव्हमध्ये घालून पक्का बांधा. तरी मूळचा शोधायला जाऊन पाहा. जुन्या डीलरांनी दुकान आवरताना पार्टच्या खोलीतला माल किरकोळ दुकानदारांना दिलेला असतो. बेंगळुरूला जे. सी. रोडवर, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि आपल्याच गावातल्या एखाद्या जुन्या ऑटो पार्टवाल्याच्या माळ्यावर पॅक खोकी अजून निघतात. खोकं उघडून कंडेन्सर मीटरवर तपासूनच घ्या. खोक्यावरच्या छापील नंबरचा फोटो काढून ठेवा, पुढच्याला तोच नंबर सांगून माल मिळतो.

टकटक अजूनही राहिली तर प्लगच्या वायरी बघा. नुसत्या तांब्याच्या वायरी लावलेल्या असतील तर प्रत्येक स्पार्क एक छोटं प्रक्षेपण केंद्रच होतो. रेझिस्टरवाल्या प्लग कॅप किंवा रेझिस्टरचे प्लग घ्या. एनजीकेच्या नंबरात आर हे अक्षर असेल तर त्या प्लगमध्ये रेझिस्टर आहे. दोन्ही एकदम लावायची गरज नसते. बॉनेटची अर्थही विसरू नका. बॉनेट हे इंजिनवरचं पत्र्याचं झाकण, पण बिजागऱ्या रंगाने आणि गंजाने बंद झाल्या तर ते बॉडीपासून तुटतं आणि गोंगाट झाकत नाही. एक छोटी विणलेली पट्टी बिजागरीवरून टाकली की पुरतं.

फिल्टर सगळ्यात शेवटी

दुकानात गेलं की पहिल्यांदा हातात पडतो तो नॉईज फिल्टर, म्हणजे चोक (तारेची गुंडाळी, इंजिनचा चोक नव्हे) आणि कंडेन्सरची डबी. वाईट वस्तू नाही, पण अर्थ कच्ची असताना तो लावून उपयोग होत नाही, कारण तो फक्त पॉझिटिव्ह वायरीतली लहर अडवतो. अर्थ, पॉवर आणि कंडेन्सर हे तिन्ही नीट झाल्यावर थोडी कुईं उरली असेल तरच घ्या. सेटच्या फ्यूजपेक्षा जास्त अँपिअरचा घ्या, सेटच्या अगदी जवळ लावा आणि त्याच्या काळ्या वायरीला सेटचीच अर्थ द्या.

इथे हात थांबवा

अल्टरनेटरच्या गाडीत एक मोजमाप घरी करता येतं. मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. आधी इंजिन बंद ठेवून वाचन घ्या. तिथेच वीस-पंचवीस व्होल्ट दाखवले तर तो मीटर या कामाचा नाही. मीटर बरोबर असेल तर इंजिन आणि हेडलाइट चालू करून पाहा. ०.१ व्होल्टच्या आसपास ठीक. ०.५ च्या पुढे गेलं तर आतला डायोड गेलेला असण्याची दाट शक्यता. त्याच वेळी डीसीवर १३.८ ते १४.४ च्या बाहेर चार्जिंग दिसत असेल तर तर शंकाच नको. इथून पुढचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. अल्टरनेटर घरी उघडू नका आणि चालू इंजिनवर बॅटरीची वायर सोडून "चार्जिंग आहे का" हे बघू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर, सेट दोन्ही जातात. डायनमोचे ब्रश आणि कट-आउटची सेटिंगही त्याच्याकडेच सोपवा.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय, तर मोठा फ्यूज किंवा तार घालू नका. थांबा. जळका वास, मऊ पडलेली वायर, डॅशबोर्डमागे धूर असं काहीही दिसलं तर बॅटरी सोडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला दिलेलं असे. अशा गाडीत कुठला सेट कसा जोडायचा हे सेटवरची पाटी वाचल्याशिवाय ठरवू नका. उलटी जोडणी झाली तर ट्रान्झिस्टरचा सेट क्षणात जातो. खटका दाबल्यावर गरम व्हायला वेळ घेणारा व्हॉल्व्हचा सेट असेल तर झाकण उघडायचंच नाही. आत १२ व्होल्टचे दोनशेच्या वर व्होल्ट केलेले असतात आणि सेट बंद केल्यावरही ते कंडेन्सरमध्ये काही काळ टिकतात.

इंजिन बंद असताना येणारी घुमघुम म्हणजे बहुधा सेटच्या आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले. हे काम रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसाकडे द्या, कार ॲक्सेसरीच्या दुकानात नको. देण्याआधी मागच्या सगळ्या वायरींचे फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी बांधा. त्याला "आवाज येतो" एवढंच सांगू नका. व्हॉल्यूम शून्यावर काय होतं, रेडिओवर काय, टेपवर काय, एरियल काढल्यावर काय, हे चारही निकाल कागदावर लिहून सेटबरोबर द्या. आणि कॅसेटचा बेल्ट चिकट झाला असेल तर तोही याच फेरीत बदलायला सांगा, सेट दोनदा उघडायला लागू नये.